वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या दुकानात पाहिली असेल. नाशिकचा दूध बाजार असो, भद्रकाली असो की मालेगावचा किदवाई रोड असो, पाटी तीच आणि तिच्याखाली उभ्या गिऱ्हाइकाचे हसूही तेच. पण पाटी लावणाऱ्याची वही उघडून पाहिली तर पानामागून पाने येण्यानेच भरलेली दिसतात. 'उधारीचे पोते, सव्वा हात रिते' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगचे काम करतात. कामाला चोख, शब्दाला पक्के. मार्चअखेर झाल्यावर त्यांच्या सी.ए.ने ताळेबंद पुढे ठेवला आणि चांगला नफा झाल्याबद्दल अभिनंदन केले. त्याच आठवड्यात कामगारांचा पगार करण्यासाठी या गृहस्थांनी घरातले सोने गहाण ठेवले होते. त्यांनी आम्हाला विचारले, "नफा झाला म्हणता, मग तो आहे कुठे?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. सातपूर, अंबड, सिन्नर येथील शेकडो लहान कारखानदारांचा आणि मालेगावच्या मागवाल्यांचाही तोच आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

नफा अडकतो कुठे?

एक साधा हिशेब करू. समजा, एका कारखान्यातून महिन्याला ६ लाखांचा माल जातो आणि पैसे ९० दिवसांनी येतात. म्हणजे वर्षातल्या कोणत्याही दिवशी १८ लाख रुपये लोकांच्या घरी आहेत. उलट लोखंडवाल्याला पंधरा दिवसांत पैसे हवेत, कामगाराला महिन्याच्या महिन्याला पगार हवा, विजेचे बिल तर तारखेलाच भरावे लागते. त्यात जी.एस.टी.ची भर. मालाचे बिल फाडले की कर लागू होतो, पैसे आलेले असोत वा नसोत. महिन्याचा कर पुढल्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. १८ टक्के दराने ६ लाखांवर १ लाख ८ हजार होतात. त्यातून खरेदीवर भरलेला कर वजा करून जे उरेल ते खिशातून द्यायचे. ज्या पैशाचे तोंडही पाहिले नाही त्याचा कर आधी भरायचा, अशी ही गत.

वर्षाची विक्री ७२ लाख. त्यावर ८ टक्के नफा धरला तर ५ लाख ७६ हजार होतात. आता अडकलेल्या १८ लाखांपैकी निम्मे, म्हणजे ९ लाख रुपये खासगी सावकाराकडून महिना शेकडा दोनने उचलले तर वर्षाचे व्याज २ लाख १६ हजार. नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा केवळ वाट पाहण्यात गेला. हेच येणे ९० ऐवजी ४५ दिवसांत वसूल झाले असते तर ते ९ लाख उचलावेच लागले नसते.

याहून धोक्याची गोष्ट पुढे आहे. मोठी ऑर्डर मिळाली की आपण मिठाई वाटतो. पण महिन्याची विक्री ६ लाखांवरून ९ लाखांवर गेली आणि उधारी तीन महिन्यांचीच राहिली, तर अडकणारी रक्कम १८ लाखांवरून २७ लाखांवर जाते. हे वाढीव ९ लाख आणायचे कोठून, याचा विचार ऑर्डर घेण्यापूर्वी किती जण करतात? काम नसल्यामुळे बंद पडलेले कारखाने लोकांच्या लक्षात येतात. काम वाढल्यामुळे बंद पडलेले कारखानेही असतात, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

कायदा आहे, पण हात थरथरतो

लहान उद्योगांचे पैसे मोठ्यांनी दाबून ठेवू नयेत यासाठी आपल्या देशात १९९३ सालीच कायदा झाला. पुढे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायद्याने तो अधिक कडक केला. त्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची मुदत चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. २०२४ साली बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे हे व्याज सव्वावीस टक्के पडत होते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. २०१७ साली 'समाधान' पोर्टल सुरू झाले आणि ही तक्रार घरबसल्या नोंदवण्याची सोय झाली.

त्यानंतर २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराचा चाप लावला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. २०२४ च्या मार्चअखेरीस याचा परिणाम बाजाराने पाहिला. काही जणांची जुनी येणी धडाधड जमा झाली, तर कापडाच्या बाजारात माल परत करण्याचे आणि ऑर्डरी रद्द होण्याचे प्रकारही घडले.

इतके असूनही तक्रार करण्यास लहान माणूस पुढे येत नाही. कारण उघड आहे. आज तक्रार केली तर उद्या ऑर्डर बंद. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचा ऐंशी टक्के माल एकाच कारखान्यात जातो त्याला 'नोटीस द्या' असा सल्ला देणे सोपे आहे, परिणाम भोगायचे त्याला आहेत. आमच्या मते येथे संघटनांनी पुढे झाले पाहिजे. निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजकांच्या संघटना रस्ते, पाणी, वीज यांसाठी आवाज उठवतात. तसाच तो थकलेल्या बिलांसाठी उठवला, सर्व सभासदांची यादी एकत्र करून मोठ्या खरेदीदाराच्या पुढे ठेवली, तर एकट्याचे नाव पुढे येत नाही आणि काम होते.

मात्र या कायद्याचा लाभ घेण्यासाठी 'उद्यम' नोंदणी असली पाहिजे आणि ती माल देण्यापूर्वीची असली पाहिजे. शिवाय केवळ व्यापार करणाऱ्यांना नोंदणी मिळाली तरी उशिराच्या पैशांचे हे संरक्षण मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्याही पदराखाली पाहू

मोठ्यांना दोष देऊन झाला. आता थोडे कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये.

मालेगावचेच पाहा. सुताचा व्यापारी रोखीचा एक भाव सांगतो आणि उधारीचा दुसरा. मागवाला उधारीचे सूत घेतो, कोरे कापड विणतो, दलालामार्फत विकतो आणि पैशांसाठी पेढीच्या पायऱ्या झिजवतो. दरम्यान सुताचा भाव चढला तर पुढला ताणा महाग, उतरला तर हातातले कापड स्वस्त. शेवटी अनेकांना स्वतःचे माग असूनही दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणावे लागते. या साखळीत सर्वच कड्या परक्या नाहीत. सूत विकणारा, कापड घेणारा, दलाल, मागवाला हे अनेकदा एकाच मोहल्ल्यातले, एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे असतात. ज्याला मोठ्या कंपनीने रखडवले म्हणून आपण हळहळतो, तोच आपल्याकडे पावडर कोटिंग करून देणाऱ्याला, पॅकिंगची खोकी पुरवणाऱ्याला, टेम्पोवाल्याला 'पुढल्या आठवड्यात ये' म्हणून परत पाठवतो. खेदाने म्हणावे लागते की जुलूम वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा वाढतच जातो.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण जाणतो. तरीही आपल्यातले व्यवहार 'घरचाच माणूस आहे' म्हणून तोंडी चालतात आणि शेवटी पैसाही जातो, माणूसही जातो. अडचणीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवलत द्यावी हे खरेच. पण ज्याच्या दारात नवी गाडी उभी आहे तो अडचणीत नाही. ऐपत असून टाळाटाळ करणे आणि ऐपत नसल्याने थांबणे, यात फरक केलाच पाहिजे.

करावे काय?

पहिली गोष्ट, बिल माल गेल्याच दिवशी फाडा. महिनाअखेरीला सगळी बिले एकदम करण्याची सवय म्हणजे आपल्याच हाताने पंधरा दिवसांची उधारी फुकट देणे होय. चलनावर माल स्वीकारल्याची सही आणि तारीख घ्या. माल नाकारला गेला असेल तर तो त्याच आठवड्यात कळला पाहिजे. तीन महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर 'तुमचे दोनशे नग परत आहेत' हे ऐकण्यात अर्थ नाही.

दुसरी, येणे वयाप्रमाणे लिहा. तीस दिवसांच्या आतले एका रकान्यात, साठपर्यंतचे दुसऱ्यात, नव्वदपर्यंतचे तिसऱ्यात, त्यापुढचे चौथ्यात. आठवड्यातून एक सकाळ केवळ वसुलीच्या फोनसाठी ठेवा. ज्यांची कॅश क्रेडिट आहे त्यांनी हे तर करावेच, कारण ९० दिवसांपुढचे येणे बँका बहुधा ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. पैसे रखडले की बँकेतून उचलण्याची मर्यादाही कमी होते, असा हा दुहेरी मार आहे.

तिसरी, माल हाही पैसाच आहे. 'भाव वाढेल' म्हणून भरलेले लोखंड, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेली हत्यारे, रद्द झालेल्या ऑर्डरीचे अर्धवट नग, हे सारे कोपऱ्यात पडलेले रुपये आहेत. वर्षातून दोनदा मोजदाद करा आणि जे चालणार नाही ते पडेल भावाने का होईना, विकून मोकळे व्हा.

चौथी, वटावाचे गणित शिका. पुरवठादार म्हणाला की ३० दिवसांची उधारी घ्या किंवा रोख देऊन दोन टक्के कमी द्या, तर आपण दोन टक्क्यांना क्षुल्लक समजतो. पण ९८ रुपये तीस दिवस वापरण्याचे ते २ रुपये आहेत. वर्षाच्या हिशेबाने हा दर २४ टक्क्यांहून अधिक पडतो. म्हणून वसुलीचा पैसा हाती आला की तो आधी रोख खरेदीकडे वळवावा. उलट आपल्या गिऱ्हाइकाने ३० दिवस लवकर पैसे द्यावेत म्हणून आपण एक टक्का सोडला, तर तो वर्षाला सुमारे १२ टक्के पडतो. सावकाराच्या २४ किंवा ३६ टक्क्यांपेक्षा तो केव्हाही बरा.

पाचवी, मोठ्या कंपनीचे बिल ट्रेड्स या व्यवस्थेवर वटवता येते का ते विचारा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी अशी पहिली यंत्रणा २०१७ साली सुरू झाली. कंपनीने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात आणि पुढे कंपनीने पैसे बुडवले तरी पुरवठादाराकडे वसुली येत नाही. दर ठरताना पत पाहिली जाते ती कंपनीची. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत तेथे नोंदणी करावी, असा सरकारी आदेश २०२४ साली निघाला. अडचण एकच, कंपनीने बिल मान्य केले पाहिजे. ऑर्डर घेतानाच ही अट बोलून घ्यावी. हीही कर्जाऊ पैशाचीच व्यवस्था आहे, तेव्हा व्याजाच्या बाबतीत ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे विचार करावा.

सहावी, खेळत्या भांडवलातून यंत्र घेऊ नका. रोजच्या खरेदीसाठी असलेल्या पैशातून मशीन आणले की मशीन चकाकते आणि कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत. तसेच घर आणि कारखाना यांचा गल्ला एक ठेवू नका. स्वतःला ठराविक पगार घ्या. मुलीच्या लग्नाचा खर्च कारखान्याच्या खात्यातून झाला की त्याची फेड कामगारांच्या थकलेल्या पगारात दिसते.

शेवटचे

आमच्या वाचकांपैकी अनेक जण व्याजापासून दूर राहू पाहतात. त्यांना आम्ही विचारतो, उधारीच्या सुताचा चढा भाव, सोडून दिलेला वटाव, दाबली गेलेली बिले, हे सर्व मिळून काय होते? बँकेत पाऊल न टाकताही आपण पैशाचे भाडे भरतच असतो, फक्त त्याची पावती मिळत नाही. कर्ज टाळण्याचा खरा मार्ग म्हणजे कर्जाची गरज कमी करणे, आणि ती गरज वसुलीनेच कमी होते.

अंबडच्या त्या गृहस्थांनी अखेरीस काय केले? त्यांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाला वेळेवर पैसे देण्याच्या अटीवर दर थोडा कमी करून दिला, दुसऱ्या रखडवणाऱ्याचे काम हळूहळू कमी केले आणि बिले रोजच्या रोज पाठवायला सुरुवात केली. विक्री थोडी घटली. सोने आठ महिन्यांनी सोडवून घरी आले. त्यांच्या पत्नीला ताळेबंद वाचता येत नाही, पण धंदा सुधारला हे त्यांना त्या दिवशी समजले.

आणि एक विनंती. हा मजकूर वाचून झाल्यावर वसुलीचा फोन करण्यापूर्वी आपण कोणाचे पैसे थकवले आहेत ते पाहावे. आधी ते द्यावेत. मागण्याचा हक्क देणाऱ्यालाच शोभतो.