वायफाय बसलं? नंबर शोधण्याआधी राउटरचे दिवे बघा

संध्याकाळी सगळे घरी आले की नेमकं तेव्हाच वायफाय बसतं. मुलीचा ऑनलाइन क्लास, तुमची ऑफिसची मीटिंग, सासूबाईंची मालिका, सगळं एकदम अडकतं. मग कुणीतरी वैतागून राउटर बंद-चालू करतं आणि दुसरं कुणीतरी मोबाइल डेटावर गुगल उघडून कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधू लागतं. पहिल्या उपायाने बऱ्याचदा काम होतं. दुसऱ्याने बँकेचं खातं रिकामं होऊ शकतं. त्याबद्दल पुढे सांगतेच, पण आधी राउटरकडे जाऊया.

दिवे काय सांगतात?

घरात फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ अशी नावं असलेले दोन छोटे दिवे असतात. ‘लॉस’चा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नलच तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीये. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू केलात तरी उपयोग नाही. फक्त एवढं बघा की ती बारीक वायर सोफ्याखाली दबली किंवा काटकोनात वाकली तर नाही ना. फायबरच्या आत काच असते, जोरात दुमडली की सिग्नल गेला. ती उपसून तिच्या टोकात डोकावू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

‘पॉन’ स्थिर हिरवा आहे, पण ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा बंद आहे? मग आधी प्लॅनची मुदत संपली आहे का ते बघा. हसू नका, बऱ्याच घरांत खरं कारण हेच निघतं. सगळे दिवे ठीक असतील, तर राउटरचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा आणि दोन-तीन मिनिटं त्याला सावरू द्या. मागच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण मात्र पिन घालून दाबू नका. त्याने कंपनीने भरलेली सगळी सेटिंग पुसली जातात आणि मग टेक्निशियनची वाट बघत बसावं लागतं.

एनसीआरमधली खास दुखणी

नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या सोसायट्यांमध्ये राहत असाल तर हे ओळखीचं वाटेल. वीज जाते, काही सेकंदांत जनरेटर सुरू होतो, पंखा फिरू लागतो आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही. पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होत असतो. मीटिंगमधून तुम्ही बाहेर फेकले जाता आणि दोष नेटला देता. यावर उपाय म्हणजे राउटरसाठीचा छोटा मिनी यूपीएस. घेताना ॲडॅप्टरवरचा मजकूर वाचा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत (बहुतेक राउटरना १२), ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

दुसरं दुखणं उन्हाळ्याचं. बऱ्याच घरगुती राउटरची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते आणि मे महिन्यात दिल्लीचा पारा ती सहज ओलांडतो. बंद कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर दुपारी रखडला तर नवल नाही. वरचा क्रोशाचा रुमाल आधी काढा. सुंदर आहे, पण काढा.

आणि माकडं! २०१५ मध्ये वाराणसीत गंगेच्या घाटांवर टाकलेल्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी जगभर छापून आली होती. तुमच्या गल्लीतल्या खांबांवरूनही माकडं फिरत असतील, तर टेक्निशियनला वायर पाइपातून आणायला सांगा.

स्पीड मिळत नाही तेव्हा

राउटरमधून सहसा दोन नावं दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. २.४ भिंतींपलीकडे लांबवर पोहोचतं, पण टॉवरमधल्या प्रत्येक शेजाऱ्याचं वायफाय त्याच गर्दीत असतं, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे राउटरच्याच खोलीत असाल तर ५ निवडा, लांबच्या बेडरूमसाठी २.४ ठेवा. २.४ ची सेटिंग उघडता येत असतील तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर गर्दी कमी असेल ते घ्या, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरते, शंभर नाही. बिट आणि बाइटमधला हा आठपटीचा फरक आहे, फसवणूक नव्हे.

खरी फसवणूक इथे होते

गुगलवर किंवा सोशल मीडियावर दिसणारा ‘कस्टमर केअर’ नंबर कुणीही टाकलेला असू शकतो. फोन उचलणारा गोड बोलतो, “मॅडम, लाइन चेक करतो, एक ॲप डाउनलोड करा,” असं सांगतो. ते ॲप तुमची स्क्रीन त्याला दाखवतं. मग ‘तक्रार नोंदवायला फक्त १० रुपये’ भरायला लावतो, आणि तुम्ही टाइप केलेला पासवर्ड, आलेला ओटीपी, सगळं त्याला दिसतं. नेट दुरुस्त करायला कुठल्याच कंपनीला तुमचा यूपीआय पिन लागत नाही. घरी आई-बाबा एकटे असतील तर हे त्यांना आजच सांगा, कारण नेट बंद पडून घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर लावतो. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

खरा नंबर मिळतो बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये. तो आणि तुमचा ग्राहक क्रमांक कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवा. तक्रार केलीत की डॉकेट नंबर मागून घ्या. दिलेल्या मुदतीत काम झालं नाही, तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय दिली आहे. ‘माणूस पाठवतो’ एवढंच ऐकून फोन ठेवलात, तर अपिलाला हा नंबर आणणार कुठून?