गाठी नव्हेत त्या

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक जुने परिचित सद्गृहस्थ माझ्या खोलीत आले. हातात सोनोग्राफीचा कागद. सोळा वर्षांच्या मुलीच्या बीजांडकोशांत ‘पुष्कळ गाठी’ निघाल्या. शस्त्रक्रिया करावी लागेल काय, आणि पुढे सोयरिकीच्या वेळी हे सांगावे की झाकावे, असे दोन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. नामपल्लीतील आमच्या मराठी घरांत हा विषय अजून दार लोटूनच बोलला जातो. मी पडलो भाषेचा शिक्षक. म्हणून शब्दापासूनच आरंभ केला.

‘पॉलिसिस्टिक’ हा शब्दच फसवा आहे. मोहरीपासून वाटाण्याएवढे जे ठिपके त्या चित्रात दिसतात, त्या गाठी नव्हेत. वाढ अर्ध्यावर थांबलेली ती बीजपुटके होत, म्हणजे एकेका अपक्व स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींच्या चिमुकल्या पिशव्या. एरव्ही दरमहा त्यांतील बहुधा एकच पूर्ण पिकून फुटते. पुटकाच्या बाहेरच्या थरातील पेशी पुरुषी संप्रेरके तयार करतात आणि आतल्या थरातील पेशी त्यांचेच स्त्री-संप्रेरकांत रूपांतर करतात. (पुरुषी संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या देहात असतात, हे ऐकून आमचे सद्गृहस्थ दचकलेच!) दोन्ही थरांना चेतवणारी संप्रेरके मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येतात. या विकारात बाहेरच्या थराला चेतवणारे संप्रेरक पुष्कळदा वरचढ ठरते. त्यातच शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसेल, तर स्वादुपिंड ते अधिक निर्माण करते, आणि ते वाढीव इन्सुलिनही त्याच थराला डिवचते. पुरुषी संप्रेरके वाढतात, पुटके पिकण्याआधीच अडून राहतात. पाळी लांबणे, मुरुमे, हनुवटीवरील केस यांचे मूळ येथे आहे.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा बीजांडकोशाची पाचर कापून काढणे हा उपाय होता. तो आता मागे पडला. आहार, व्यायाम आणि गरजेप्रमाणे औषधे यांवर भर आहे.

निदानाचेही तसेच. मुंबईतील तरुण मुलींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एका निकषाने २२.५ टक्के मुलींत हा विकार निघाला, दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, फूटपट्टी वेगळी! शिवाय २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये. त्या वयात निरोगी मुलींतही अशी पुटके भरपूर दिसतात.

त्यांच्या मुलीला पाळी सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. पाळीच्या तारखा लिहून ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून रक्ताची तपासणी करा, एवढे मी सांगितले. त्यांनी कागदाची घडी घातली. सोयरिकीचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.