कूळ विचारावे ते शब्दांचे

वार्षिक स्नेहसंमेलनात इंग्रजीतील कठीण शब्द तोंडपाठ म्हणून दाखविण्याची प्रथा अलीकडे आपल्या अनेक शाळांतून रूढ झाली आहे. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा २९ रोमन अक्षरांचा शब्द एखादी सहावीतील मुलगी एका दमात उच्चारते आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. त्या टाळ्यांविषयी आमची तक्रार नाही. ज्या घरांत तीन पिढ्यांपूर्वी अक्षराने उंबरठा ओलांडला नव्हता, त्या घरातील मूल परभाषेतला अवघड शब्द न अडखळता म्हणते, हे पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही? परंतु त्या मुलीला शब्दाचा अर्थ विचारला तर ती बहुधा गप्प राहते, आणि त्याचे मूळ विचारले तर तिचे गुरुजीही गप्प राहतात. लोकरीचा पुंजका, केस, शून्य अशा क्षुल्लक वस्तूंची लॅटिन नावे एकापुढे एक जोडून अठराव्या शतकातील इंग्रजांनी गमतीने हा शब्द घडविला. एखाद्याची किंमत कवडीइतकीही न मानणे, हा त्याचा अर्थ. ती क्रिया आपल्या समाजाने शतकानुशतके अनुभवली. तिला एवढे लांबलचक नाव आहे, हे मात्र फार उशिरा कळले.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींना ही सवलत मिळाली. पाणवठ्यावर आलेल्या तहानलेल्या माणसाला कधी मिळाली नाही. त्याचे कूळ आधी विचारले गेले, पाण्याचे नंतर पाहिले गेले. म्हणून आमचे मत असे की, आपल्या विद्यालयांतून माणसाचे कूळ विचारणे जितके निषिद्ध मानले जाते, तितक्याच आग्रहाने शब्दाचे कूळ विचारण्याची सवय मुलांना लावावी. इंग्रजीचा तास आणि इतिहासाचा तास यांच्यामधली भिंत त्यासाठी थोडी खाली घ्यावी लागेल.

चित्रपटांमुळे प्रत्येक मुलाला ठाऊक असलेला 'व्हिलन' हा शब्द घ्या. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतावरील वाडा, आणि त्या वाड्याशी जखडलेला शेतमजूर तो 'व्हिलानस'. जमिनीबरोबर ज्याची मालकी बदलत असे, असा मध्ययुगीन युरोपातील हा कष्टकरी. त्याने कोणता गुन्हा केला होता? कोणताच नाही. सरदारांच्या भाषेत तो प्रथम अडाणी झाला, मग असंस्कृत, आणि शेवटी दुष्ट. संस्कृत काव्यशास्त्राने 'ग्राम्य' हा दोष मानला, आपण 'गावंढळ' ही शिवी केली. त्यामागील वृत्ती निराळी नाही. नांगर धरणारे हात आणि शब्दकोश लिहिणारे हात वेगळे असले की असे घडते. 'रोबोट' या शब्दाची हकीकतही मुलांना सांगण्यासारखी आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठबिगार. महार वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते, हे ज्या मुलांना माहीत आहे, त्यांना हा शब्द वेगळ्या रीतीने समजावून द्यावा लागत नाही.

परंतु सर्वांत अधिक वेळ द्यावा तो 'बॉयकॉट' या शब्दाला. तो कोणत्याही धातूपासून निघालेला नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली. त्याने ती पुरेशी दिली नाही आणि कुळांना जमिनीवरून हुसकावण्याचा मार्ग धरला. तेव्हा आयरिश लँड लीगच्या शिकवणीप्रमाणे गावाने त्याला एकटे पाडले. मजुरांनी शेत सोडले, दुकानदारांनी माल देणे थांबविले. उभे पीक काढण्यासाठी उत्तरेकडून सुमारे ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक व पोलीस ठेवावे लागले. पिकाच्या किमतीहून रखवालीचा खर्च कितीतरी अधिक झाला. त्याच वर्षी ते आडनाव क्रियापद होऊन वृत्तपत्रांत फिरू लागले आणि पुढे फ्रेंच, जर्मन भाषांनीही ते स्वीकारले.

आयर्लंडमध्ये हे दुर्बलांचे सबलाविरुद्धचे शस्त्र होते. आपल्या गावगाड्यात मात्र ते उलट्या दिशेने चालले. ज्याच्याजवळ जमीन, दुकान, गिरणी आणि विहीर, त्याने ज्याच्याजवळ यातले काहीच नाही त्याच्याविरुद्ध ते वापरले. महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, त्यामागे हा अनुभव उभा आहे. आणि आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान १९३० सालचे आहे. पहिल्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्य वर्गाच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. घर वा जमीन देण्यास नकार, मजुरीवर ठेवण्यास नकार, देवघेवीस नकार, अशा शब्दांत त्याची व्याख्या बांधलेली होती. आणि ती बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून थोड्या फेरफाराने घेतली होती. आयर्लंडच्या शेतात जन्मलेला शब्द ब्रह्मदेशाच्या कायद्यातून लंडनच्या परिषदेत पोहोचला आणि तेथे तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बाजूने बोलला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. हा विलंब मुलांनी स्वतः वजाबाकी करून काढावा.

दुसरा शब्द 'हेरेसी'. कोशात त्याचा अर्थ पाखंड असा आढळेल, आणि गंमत अशी की मूळ व भाषांतर या दोन्ही शब्दांची दशा एकच झाली आहे. ग्रीक भाषेत 'हायरेसिस' म्हणजे निवड. विचारपूर्वक निवडलेला पंथ. त्यात निंदा नव्हती. पुढे एकाच मताला सत्य मानणाऱ्या धर्मपीठाने निवड करणाऱ्यालाच अपराधी ठरविले. आपल्याकडे सम्राट अशोकाच्या गिरनार येथील बाराव्या शिलालेखात 'पासंड' हा शब्द सर्व संप्रदायांसाठी आदराने येतो. दुसऱ्याच्या पासंडाचाही मान राखावा, असे राजा सांगतो. त्याच शब्दाचे मनुस्मृतीत काय झाले पाहा: पाषंडींचा केवळ शब्दानेही सत्कार करू नये, अशी तेथे आज्ञा आहे. शब्द राहिला, त्याचा मान गेला. अशोकाची स्वतःची पदवी 'देवानांप्रिय' हिलाही उत्तरकालीन संस्कृत व्याकरणकारांनी 'मूर्ख' हा अर्थ चिकटविला. राजाचे लेख शतकानुशतके कोणाला वाचता येत नव्हते, आणि त्याची पदवी मात्र पंडितांच्या पाठशाळेत थट्टेचा विषय होऊन राहिली होती!

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधली २१ वर्षे अभ्यासाची आणि पारखण्याची होती. मूळ ग्रीक अर्थाने याहून मोठा 'हायरेसिस' आम्हांस ठाऊक नाही.

या कामात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. शब्दांच्या बनावट कुळकथा फार पसरतात. 'न्यूज' हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांपासून झाला, असे अनेक शिक्षक आजही फळ्यावर लिहितात. वस्तुतः तो 'न्यू' म्हणजे नवे याचेच अनेकवचन आहे. ऐकीव पुराव्यावर ज्यांची कुळे ठरविली गेली, त्यांच्या मुलांनी तरी ऐकीव व्युत्पत्ती स्वीकारू नये. प्रत्येक विद्यालयाच्या ग्रंथालयात इंग्रजीचा एक चांगला व्युत्पत्तिकोश आणि त्याच्या शेजारी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश असलाच पाहिजे, आणि तो कुलुपात नव्हे तर टेबलावर असला पाहिजे.

काही सहकारी म्हणतील की, अभ्यासक्रमच पुरा होत नाही, तेथे ही चैन कोणाला परवडणार? त्यांच्यासाठी शेवटचा शब्द 'स्कूल'. ग्रीक 'स्खोले' म्हणजे सवड, फुरसत. पोटाच्या कामातून मोकळा झालेला वेळ ज्याच्याजवळ, तो शिकत असे. आणि ती सवड गुलामांच्या श्रमांवर उभी होती. 'पेडॅगॉग' हा शिक्षकवाचक शब्दही मुळात मालकाच्या मुलाला शाळेपर्यंत पोहोचविणाऱ्या गुलामाचा आहे. आपल्या पूर्वजांजवळ बुद्धी होती, सवड नव्हती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले, ते ही सवड मिळवून देण्यासाठीच होते, असे आम्ही समजतो. आजही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले आईबाप मुलाला निवासी विद्यालयाच्या दारात सोडून जातात, तेव्हा सहा महिन्यांची सवड ते आपल्या अंगमेहनतीने विकत घेत असतात. ती सारीच्या सारी गाईडमधील उत्तरे घोकण्यात जाऊ नये. सायंकाळच्या वंदनेनंतर आणि भोजनापूर्वी आपल्या वेळापत्रकात जो एक तास 'स्वाध्याय' म्हणून लिहिलेला असतो, त्यातले आठवड्याचे दोन दिवस आम्ही या कामासाठी मागत आहोत.