घरप्रपंच : जुना संगणक सुधारावा की नवा घ्यावा?



काही दिवसांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक परिचित शेतकरी आपल्या कन्येस घेऊन माझ्याकडे आले. कन्या बेळगावास वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. वाटेत दोघांचा वाद झाला असावा, हे चेहऱ्यांवरून उघड दिसत होते. त्यांच्या घरी 2019 साली घेतलेला संगणक आहे. तो सुरू होऊन कामास लागेपर्यंत चहा करून पिऊनही होतो, असे कन्येचे गाऱ्हाणे. दुकानदाराने यंत्र पाहून "हे आता भंगारात काढा, नवे विंडोज यावर चालणार नाही" असा निकाल दिला होता, आणि अडतीस हजारांचा नवा संगणक मासिक हप्त्यांनी देऊ केला होता. वडिलांच्या गाठीस काजूच्या हंगामाचे पैसे होते; पण त्यांतूनच कॉलेजची फी आणि धाकट्याची वह्यापुस्तके व्हावयाची होती.

"मास्तर, यंत्र अजून चालतंय, मग टाकायचं कशाला?" वडील म्हणाले.

"चालतंय कुठं, रांगतंय!" कन्या उत्तरली.

दोघांचेही म्हणणे मला पटले. म्हणूनच मी तत्काळ निकाल दिला नाही. शिवाय या बाबतीत मी स्वतः एकदा पोळलेलो आहे. माझा संगणक 2013 सालचा होता. 2020 मध्ये तो मंदावला तेव्हा मी रॅम वाढविली. पुढच्या वर्षी आतील वीजपुरवठ्याचा डबा बदलला. 2022 मध्ये मदरबोर्डच निकामी झाला! नवा संगणक आणला, तर पदरमोड करून घेतलेली ती रॅम त्यास बसेना. रॅमच्याही पिढ्या असतात. डीडीआर 3 ची पट्टी डीडीआर 4 च्या खाचेत बसत नाही. घराचा पाया न तपासता मी भिंतींना गिलावा करीत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहिले. संगणकाचे अंतरंग स्वयंपाकघरासारखे असते. प्रोसेसर ही रांधणारी गृहिणी, रॅम हा तिच्या पुढचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे सामानाची कोठी. गृहिणी कितीही चपळ असली तरी ओटा वीतभर असेल आणि प्रत्येक जिन्नसासाठी अंधाऱ्या कोठीत जावे लागत असेल, तर जेवणास उशीर व्हावयाचाच. अशा वेळी गृहिणीस बोल लावण्यात अर्थ नाही.

ही परीक्षा कोणासही घरबसल्या करता येते. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे, हे तेथे शेकडेवारीने दिसते. या घरच्या संगणकात प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता. डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकली होती, आणि चार जीबीची रॅम काठोकाठ भरली होती. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटास 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांवरून एक टोक मागेपुढे सरकत माहिती वेचते. एसएसडी या नव्या साठवणीत हलणारा भागच नसतो. म्हणून शोधाशोधीचा वेळ वाचतो.

राहिला नव्या विंडोजचा प्रश्न. विंडोज 10 ची सर्वसाधारण मोफत सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. त्यानंतर तो संगणक बंद पडतो असे नाही. परंतु सुरक्षेची नवी डागडुजी नेहमीप्रमाणे मिळत नाही. त्यामुळे अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. विंडोज 11 साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. पिढी नावावरून कळते : आय 3-8100 हा आठव्या पिढीचा, आय 3-4130 हा चौथ्या. या घरचा प्रोसेसर होता आय 3-8100. मग नकार कशाचा? टीपीएमची सोय यंत्रात होती, पण पुष्कळ जुन्या मदरबोर्डांत ती कारखान्यातून बंदच येते, तशी येथेही बंद होती. संगणक सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन ती चालू करताच अडसर दूर झाला.

पाया भक्कम ठरला, तेव्हा खर्चाचे ठरविले. 256 जीबीची एसएसडी, आठ जीबीची रॅम आणि कारागिराची मजुरी धरून आठ हजारांच्या आत काम झाले. प्रथम मुलीचे सर्व कागदपत्र व फोटो दुसरीकडे उतरवून घेतले, हे सांगावयास नकोच. (2025 च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव जगभर चढले, म्हणून आपल्या गावी त्या दिवसाचा दर विचारूनच हिशोब करावा.)

मात्र प्रत्येक घरी हेच उत्तर लागू पडेल असे नाही. प्रोसेसर चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल, मदरबोर्ड त्रास देत असेल, लॅपटॉपची रॅम आतच डाक देऊन बसविलेली असेल, किंवा दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर मोह आवरावा आणि पैसे नव्यासाठी राखावे. तसे जुने यंत्र केवळ लेखन-वाचनासाठी हवे असल्यास त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घालून पाहावी. एसएसडीची जोड मिळाली तर ते पुष्कळ वेळा पुन्हा कामास येते. मात्र आपल्याला लागणारी कामे तीवर होतात की नाही, हे आधी पाहावे.

टाकावयाचेच झाले तर आपली माहिती पुरती पुसून, अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावे. परसात तारा जाळू नयेत, तो धूर विषारी असतो. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्याच्या चौथाईहूनही कमी भागाचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे.

असो. परवा कन्या बसथांब्यावर भेटली. "आता चहाला आधण यायच्या आत सुरू होतो," म्हणाली. पण डबा तोच जुना, पिवळा पडलेला, याची खंत तिला अजून आहे. वडिलांना ते आठ हजारही जड गेले. फी मात्र मुदतीत भरली गेली आणि हप्त्यांचा कागद दुकानातच राहिला.