पाषाणाची आठवण



सुट्टीतील धर्मशिक्षणाचा वर्ग संपल्यावर एक मुलगा आमच्यापाशी आला. मोडक्या रेडिओतून काढलेला लोहचुंबक त्याने आटलेल्या ओढ्याच्या वाळूतून फिरविला होता. त्यावर बारीक काळे कण केसांसारखे उभे राहिले होते. "फादर, तांबड्या मातीतही लोखंड असते ना? मग ती का चिकटत नाही?"

प्रश्न मार्मिक होता. बेळगावकडील जांभा दगड व तांबडी माती यांना रंग येतो तो गंजलेल्या लोहामुळेच. परंतु त्या रूपातील लोहाला चुंबकाची ओढ फारच थोडी. काळे कण मॅग्नेटाइट या खनिजाचे. निपाणीभोवतीच्या काळ्या पाषाणात ते विखुरलेले असतात आणि पाषाण झिजला म्हणजे पावसाबरोबर ओढ्यात येतात.

हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तप्त शिलारस होता. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. निवताना मात्र पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या स्थळीची दिशा त्यात ठसते. विषुववृत्तापाशी चुंबकसूची आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तसतशी अधिक कलते. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी १९५६ साली दख्खनच्या पाषाणातील हा कल मोजून प्रसिद्ध केला. त्यावरून दिसले की, पाषाण निवाला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होती. भूमी सरकत उत्तरेस आली. पाषाणाने पहिली दिशा जपली.

त्याच आठवड्यात मुलाचे वडील भेटले. "आठवी झाली, फादर. आता कामाला लावतो." घरची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे, त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही इतकेच सांगितले की, लोहचुंबकाने एकीखाली एक लोखंडी कडी लटकलेली पाहून संत ऑगस्टीनसुद्धा थक्क झाले होते, आणि ते त्यांनी लिहून ठेवले. मुलाचे विस्मयाने तापलेले मन फार काळ तसे राहत नाही. ते निवेल तेव्हा जी दिशा लाभेल, तीच जन्मभर राहील.

त्यांनी ते काळे कण तळहातावर घेऊन निरखले. उत्तर दिले नाही. शाळा उघडण्यास अजून अवकाश आहे. ज्या घरी असा प्रश्न विचारणारे लेकरू असेल, त्या आईबापांनीही तोवर विचार करावा. आम्ही प्रार्थना करीत आहोत.