दगडापेक्षा वीट मऊ



‘दगडापेक्षा वीट मऊ’ असं म्हणत आपण कितीदा तरी शिक्का मारला असेल, अलीकडे बटण दाबलं असेल. पण या एका म्हणीवर अख्ख्या देशाचा कारभार चाललेला पाहायचा, तर अमेरिकेकडे बघावं लागतं. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोनच पक्षांत गादीची अदलाबदल चालू आहे.

तुम्ही विचाराल, तिसऱ्यानं उभं राहू नये असा कायदा आहे की काय? तसं काही नाही. गोम आहे ती मोजणीत. अध्यक्ष निवडायला एकूण ५३८ प्रतिनिधी-मतं असतात, राज्याराज्यांना वाटून दिलेली. दोन राज्यं सोडली, तर जो राज्यात पहिला आला त्याच्याच पदरात त्या राज्याची सगळी मतं. १९९२ साली टेक्सासचा धनाढ्य व्यापारी रॉस पेरो अपक्ष उभा राहिला. सुमारे १ कोटी ९७ लाख लोकांनी त्याला मत दिलं, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ एकोणीस जणांनी. प्रतिनिधी-मतं किती मिळाली? शून्य! एकाही राज्यात पहिला आला नाही, म्हणून.

२००० साली तर फ्लोरिडा राज्यात बुश आणि गोर यांच्यात फरक पडला अवघ्या ५३७ मतांचा, आणि त्यावर बुश अध्यक्ष झाले. त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडरना ९७ हजारांवर मतं होती. नेडर नसते तर ती गोरना गेली असती, की ते मतदार घरीच बसले असते, यावर तिकडे अजून भांडणं होतात. पण तेव्हापासून मतदाराच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. मनातल्या माणसाला मत द्यावं, तर नको तोच डोक्यावर बसायचा.

एवढी कोंडी झाली की माणूस हसणारच. आपल्याकडे वगातला सोंगाड्या राजा-प्रधानाची भर मांडवात फिरकी घेतो, ते काम तिकडे टेलिव्हिजन करतं. ‘द सिम्पसन्स’ नावाची एक कार्टूनची मालिका आहे. १९९६ च्या ऑक्टोबरात, निवडणूक तोंडावर असताना, तिच्यात एक गोष्ट दाखवली. परग्रहावरचे दोन राक्षस येतात, क्लिंटन आणि डोल या दोन्ही उमेदवारांना पळवतात आणि त्यांचीच रूपं घेऊन सभा गाजवतात. शेवटी सोंग उघडं पडतं, लोक खवळतात. राक्षस मात्र थंडपणे सांगतात की पक्ष दोनच आहेत, आमच्यातल्या एकाला निवडावंच लागेल. एक जण तिसऱ्याचं नाव काढतो, तर म्हणतात, घाल खुशाल मत वाया. पुढं निवडून आलेला राक्षस सगळ्यांना साखळदंड घालून कामाला जुंपतो. तेव्हा होमर हा घरधनी बायकोला ऐकवतो, मला बोल लावू नकोस, मी दुसऱ्याला मत दिलं होतं!

हसून पोट दुखतं, पण हे शेवटचं मला बोचतं. दगडवाला आणि वीटवाला, दोघेही एकाच साखळीत, आणि एकाला अजून आपलं मत बरोबर होतं याचं समाधान!

हसण्याला धारही असते, आणि ती दर वेळी न्यायाची नसते. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणजे तरुणपणी मिशिगन विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉल खेळाडू. जून १९७५ मध्ये ऑस्ट्रियात विमानाच्या जिन्यावरून त्यांचा पाय घसरला. त्याच ऑक्टोबरात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि चेव्ही चेस हा नट फोर्ड बनून पडद्यावर धडाधड पडू लागला. खेळाडू विसरला गेला, पडणारा माणूस तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. १९७६ साली फोर्ड हरले. महागाई आणि निक्सनना दिलेली माफी ही मोठी कारणं होतीच.

पण त्यांना हरवणारा उमेदवार दोघांपैकी एक झाला कसा? मला वाटतं, खरी निवड तिथं आहे. आपल्याकडे तिकिटासाठी मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात. तिकडे पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतले साधे मतदार ठरवतात. तुमचा एखादा भाचा-पुतण्या तिकडचा नागरिक झाला असेल आणि फोनवर ‘दोघेही सारखेच’ म्हणाला, तर विचारा त्याला, उमेदवार ठरत होता तेव्हा तू कुठं होतास बाबा?

जिमी कार्टर हे जॉर्जियातले भुईमुगाचे शेतकरी, त्या राज्याचे माजी गव्हर्नर. देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं. पहिली पाळी होती आयोवाची, म्हणजे मक्याच्या आणि डुकरांच्या मुलखाची. कार्टर तिथं आधीपासून घरोघर हिंडले. १९ जानेवारी १९७६ च्या संध्याकाळी, कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत, गावोगाव सभा भरल्या. सर्वांत मोठा गट निघाला तो ‘आमचं अजून कोणावरच ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांचा. ज्यांनी नाव घेतलं, त्यांत कार्टर पहिले आले, आणि तिथून त्यांचं नाव देशभर झालं. उमेदवार ठरवण्याच्या त्या कामाला नोव्हेंबरच्या मतदानाच्या मानानं आजही फारच थोडी माणसं घराबाहेर पडतात.