विश्लेषण : ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे खरे आहे का?

तोंडातली जखम महिना उलटला तरी भरत नाही. डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात आणि घरातले कोणीतरी म्हणते, ‘सुई लावू नका, पसरेल.’ नाशिक शहर असो की सुरगाणा-पेठचे पाडे, या भीतीपोटी तपासणी लांबते. प्रत्यक्षात कर्करोग पसरतो तो कसा?

पेशी जागा का सोडते?

निरोगी पेशी शेजारच्या पेशींना धरून असतात. ‘ई-कॅडहेरिन’ हे प्रथिन त्यांच्यात विटांमधल्या सिमेंटसारखे काम करते. कर्करोगाच्या पेशींत जनुकीय बिघाड साचत जातात तसे अनेकदा हे प्रथिन घटते. पेशी सुटी होते, सरकू लागते. मग ती विकरांच्या मदतीने खालचा पातळ पडदा विरघळवते आणि रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरते. गाठही नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. त्यातून तिला अन्न मिळते आणि पेशींना बाहेर पडायची वाटही.

सुटलेली प्रत्येक पेशी रुजते का?

नाही. रक्तप्रवाहाचा मारा आणि प्रतिकारशक्ती यांत बहुतेक पेशी मरतात. ब्रिटिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच ‘बी आणि माती’ची कल्पना मांडली होती : पेशी कुठेही पोहोचली तरी मानवणाऱ्या जागीच रुजते. म्हणून स्तनाचा कर्करोग बहुधा हाडे, फुफ्फुसे, यकृत, मेंदू येथे पसरतो, तर तोंडाचा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत.

मग सुईचा दोष किती?

गाठ वाढत असताना पेशी आपणहून सुटत असतात. त्या सुईची वाट पाहत नाहीत. तपासणीमुळे पेशी पसरण्याचा धोका अत्यंत क्वचित असतो. तुकडा तपासल्याशिवाय मात्र निदान पक्के होत नाही आणि योग्य उपचार ठरत नाहीत. रुग्ण गमावतो तो या थांबण्यात.

मुंबईच्या अभ्यासाने काय दाखवले?

टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या, मानेत गाठ न जाणवणाऱ्या ५०० रुग्णांची त्यात तुलना होती. पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसल्यावर त्या काढण्याचे धोरण ठेवलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे हाताला काही लागत नसतानाही काहींच्या मानेत रोग पोहोचलेला असतो.

काय करायला हवे?

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना आणि मिसरी सुटलेली नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडातला पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेत गाठ यांपैकी काहीही दिसले तर लगेच तपासून घ्यावे. आरोग्य यंत्रणेचीही जबाबदारी आहे. तंबाखू खाणाऱ्याचे तोंड तपासायला टॉर्च आणि काही मिनिटे पुरतात. ही तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नित्याची व्हावी. भीती सुईची नको, उशिराची हवी.